एकोणीस वेळा दिल्ली

११ जानेवारी, श्रूजबरी

ही वही ह्यांची. सहलीला येणाऱ्या माणसांची नावं लिहायचं रजिस्टर, लाल कापडी पाठीचं. पुढची पानं ह्यांच्या अक्षरात भरलेली आहेत. ती मी उघडत नाही. वही उलटी केली आणि मागून सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याचं घर आवरलं, तेव्हा बॅगेत कपड्यांच्या तळाशी ही ठेवली होती. राजेशने विचारलं, "आई, हे कशाला?" मी म्हटलं, कोरी पानं खूप आहेत. ते खरंच होतं.

आज रविवार म्हणून सगळे एकत्र जेवलो. नात केया बॉस्टनहून आली होती. कॉलेजमधली तिची मैत्रीण रीमा, तिचं लग्न दिल्लीला आहे, फेब्रुवारीत. लग्नाआधी केयाला चार दिवस मोकळे आहेत.

"आजी, तू मला प्लॅन करून दे ना. कुठे जायचं, काय बघायचं. ऑनलाइन सगळे सेम टेन थिंग्ज सांगतात. यू आर द एक्स्पर्ट."

"एक्स्पर्ट म्हणजे काय," राजेश म्हणाला, "एकोणीस वेळा गेलीय आई दिल्लीला."

"एवढ्या वेळा मी शेजारच्या वुस्टरलासुद्धा गेले नसेन," हिमानी म्हणाली. हिमानी माझी सून. ती असं बोलते, मनात काही नसतं.

मी म्हटलं, देते करून. भात वाढून घेतला आणि मग लक्षात आलं, आपण काय कबूल करून बसलो ते.

१२ जानेवारी

इथे खरं लिहायला हरकत नाही. मी दिल्ली पाहिलेली नाही.

एकोणीस वेळा गेले, हे खरं आहे. ह्यांची सहल कंपनी म्हणजे हे, मी आणि आचारी शिव. साताऱ्याहून चाळीस माणसं घेऊन उत्तर भारत, चौदा दिवस, त्यात दिल्लीचे चार. आपला माणूस ताजमहाल बघायला हौसेने जाईल, पण संध्याकाळी त्याला वरणभातच लागतो. आमच्या जाहिरातीत ताजमहालाच्याही वर छापलेलं असे, घरगुती मराठी जेवण. ते घरगुती म्हणजे मी.

करोलबागेतल्या एका हॉटेलच्या मागचं अंगण आम्हाला मिळायचं. दोन शेगड्या, एक नळ, एक लिंबाचं झाड. पहाटे चहा आणि पोहे, मग बरोबर द्यायच्या पुरीभाजीच्या चाळीस पुड्या. बस निघून गेली की भांडी, निवडणं, चिरणं, वाटण. बस परत यायच्या आत रात्रीचा स्वयंपाक तयार हवा. पाचव्या दिवशी आम्ही पुढच्या गावाला.

संध्याकाळी हे अंगणात यायचे, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसायचे आणि सांगायचे. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर. मी कणीक मळत ऐकायची. ह्यांच्यासारखं सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. दगडाचा रंग सांगताना आधी डोळे मिटायचे, मग म्हणायचे, "पिकलेल्या जांभळात डाळिंब मिसळ, तसा." शिवची तव्यावरची पोळी करपायची.

पहिल्या सहलीनंतर साताऱ्यात शेजारणीने विचारलं, "कुतुबमिनार कसा आहे हो?" दिल्लीला जाऊन कुतुबमिनार पाहिला नाही म्हणायची लाज वाटली. ह्यांनी सांगितलं होतं तसं सांगितलं. तिला आवडलं. मग तेच कायम झालं. मुलालाही तेच वाटतं, की दुपारची मी जाऊन येत असे.

म्हणजे माझ्याकडे दिल्ली नाही, ह्यांची दिल्ली आहे. साताऱ्याचं घर गेलं. ह्यांचे कपडे वाटून टाकले. आवाज कुठे रेकॉर्ड केलेला नाही. उरलं असेल ते हेच. आता ते केयाच्या हातात द्यायचं आणि ती प्रत्यक्ष जाऊन बघणार. तिथे तसं नसलं, तर मग माझ्याकडे काय राहील? कालपासून हा एकच विचार आहे.

२४ जानेवारी

लायब्ररीतून दिल्लीवरची तीन पुस्तकं आणली. मी सातवीपर्यंत शिकले. बाकीचं वाचन सहलींनी दिलं. लोक बसमध्ये पुस्तकं विसरायचे, वर्षभरात कोणी मागितलं नाही तर ते माझं. इंग्रजी इथे आल्यावर मुलांच्या पुस्तकांपासून सुरू केलं. अजून एका पानाला पाऊण तास लागतो, पण घाई कोणाला आहे.

वाचून थक्क व्हायला होतं. हुमायूनची ती एवढी मोठी कबर त्याच्या बायकोने बांधवून घेतली म्हणे, तो गेल्यावर. मला वाटायचं मुलाने बांधली असेल. नवरा गेल्यावर एका बाईने कारागीर बोलावले, दगड निवडले, बागा आखल्या, पाण्याचे पाट काढले. वर्षानुवर्षं काम चाललं. रोज सकाळी उठून तिला ठरवावं लागलं असेल की आज कुठला दगड. मला ती बाई फार आवडली. तिला निदान काम होतं.

काही ठिकाणी पुस्तक आणि ह्यांचं जुळत नाही. एका घुमटाचं छत ह्यांनी एका वर्षी निळं सांगितलं होतं, एका वर्षी लाल. मला वाटलं होतं मध्ये रंग दिला असेल. पुस्तकात तिसरंच आहे. शिवाय लाल किल्ल्याच्या रंगमहालातून पाण्याचा पाट वाहत असे, असं लिहिलं आहे. "असे" म्हणजे काय? ह्यांनी तर त्यात पाय बुडवले होते. आमची शेवटची सहल, मे महिना, अंगणात शेगडीशी उभं राहवत नव्हतं. हे आले आणि म्हणाले, "सरला, बाहेर आग आहे आणि रंगमहालात संगमरवरातून पाणी वाहतंय. पाय बुडवले की पाठीपर्यंत गारवा." पॅन्टचे दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले होते. मी स्वतः पिळले. ते पाणी मला अजून आठवतं, मी त्यात बसले नव्हते तरी.

पुस्तक लिहिणारा भलत्याच महिन्यात गेला असेल.

१ फेब्रुवारी

प्लॅन लिहून झाला. आठ पानं. बाहेर गुडघाभर बर्फ आहे, आत मी दिल्लीच्या उन्हात काय काय बरोबर न्यायचं ते लिहिते आहे. सोमवारी लाल किल्ला बंद, हे सगळ्यात वर लिहिलं. हे त्यावरूनच ठरवायचे की साताऱ्याहून कुठल्या वारी निघायचं.

कुतुबमिनारचं लिहिताना हात थांबला. पाचवी की सहावी सहल असेल. सकाळी हे अंगणात आले ते माझ्या चपला हातात घेऊन. पुसलेल्या.

"चल आज. शिव बघेल स्वयंपाकाचं."

मी म्हटलं, "चाळीस माणसांचं पुरण शिजायला घातलंय आणि मी मिनार बघायला येऊ? तुम्हीच बघा. तुमचं बघून झालं की माझं झालंच."

रागाने म्हटलं. आदल्या दिवशी कोणीतरी आमटी खारट म्हणालं होतं, तो राग. हे चपला नळाशी ठेवून गेले. पुन्हा कधी विचारलं नाही. मीही वाट पाहिली, पण तोंडाने काढलं नाही.

प्लॅनमध्ये हे कशाला येईल. कुतुबमिनारसाठी एवढंच लिहिलं: दरवाज्यासमोर एक लिंबाचं झाड आहे, बुंधा बेचक्यासारखा दोन बाजूंना फाटलेला, त्याच्या पाराशी आधी थोडं बस. आत लोखंडी खांब आहे, त्याला पाठ लावून मागे हात जुळले तर मनातली गोष्ट होते. तुझे हात लांब आहेत, जुळतील.

जामा मशिदीचंही एक लिहिलं, हसत हसत. ह्यांनी एकदा सांगितलं होतं की पायऱ्यांवर शेळ्या स्वेटर घालून बसतात. हे थापाही मारायचे अधूनमधून, मला हसवायला. ते लिहिलं, पुढे "आजोबांची गंमत" असंही लिहिलं, म्हणजे पोरगी शोधत बसायला नको.

८ फेब्रुवारी

केया प्लॅन घ्यायला आली. आठही पानं तिने मला वाचायला लावली, तिला मराठी वाचता येत नाही, आणि फोनवर आवाज रेकॉर्ड केला. "नाऊ इट्स अ पॉडकास्ट," म्हणाली.

राजेश ऐकत उभा होता. नंतर म्हणाला, "आई, नोव्हेंबरमध्ये आपण सगळेच जाऊ या का? तू, मी, हिमानी. केयाला सुट्टी मिळाली तर तीही. तू आम्हाला दाखव दिल्ली."

"एकोणीस वेळा पाहिली मी. तुम्ही जा."

"मग विसावी."

"माझे गुडघे आहेत का आता?"

"अहो, व्हीलचेअर मिळते एअरपोर्टवर," हिमानी म्हणाली. "तुम्हाला विमानात सगळ्यांच्या आधी सोडतील, आम्हीच बसू मागून."

मी विषय बदलला. मुलाला घेऊन तिथे जायचं आणि त्याने विचारायचं, आई, आता कुठे वळायचं?

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आठला केयाचा फोन, तिकडे संध्याकाळ झालेली. आवाजामागे इतके हॉर्न की आधी काही कळेना.

"आजी, कुतुबमिनार इज क्रेझी. आय मीन, फोटोत काहीच कळत नाही. मी मान वर केली आणि मान संपली, मिनार संपला नाही."

हे म्हणायचे, टोपी पडली की समजायचं वरचा मजला दिसला. तेच.

"आणि तुझं झाड मिळालं. इंग्लिश वायसारखं. तिथे ड्रायव्हर्स झोपले होते, मला बसायला जागा दिली. पण आजी, त्या पिलरला हात नाही लावता येत. भोवती कुंपण आहे."

"आता घातलं असेल."

"मेबी. गार्ड म्हणाला खूप वर्षं झाली."

आमच्या सहलीही खूप वर्षांपूर्वीच्याच. फोन ठेवल्यावर चहा पुन्हा गरम केला. झाड मिळालं. एवढ्या वर्षांनी, एवढ्या मोठ्या गावात, ह्यांनी सांगितलेलं झाड जिथल्या तिथे.

१७ फेब्रुवारी

केया आज दिवसभर जुन्या दिल्लीत होती. आधी एक फोटो आला. जामा मशिदीच्या पायऱ्या, त्यावर दोन शेळ्या. एकीला तपकिरी स्वेटर, एकीला लाल, बाह्यांमधून पुढचे पाय बाहेर. खाली लिहिलं होतं, आजोबा वॉज नॉट जोकिंग.

मी हसले आणि मग रडू आलं. इतकी वर्षं त्यांना खोटं पाडलं होतं मी.

नंतर फोन. पोरगी भारावून गेली होती. गर्दी म्हणजे काय ते आज कळलं म्हणाली. चांदणी चौकात कोणी कोणाला ढकलत नाही, सगळे मिळून एकाच दिशेला ढकलले जातात, आणि त्यातून एक माणूस डोक्यावर वीस गाद्या घेऊन शांतपणे चालला होता. पराठा खाल्ला, जिलबी खाल्ली. लाल किल्ल्याच्या दरवाज्यावर छोटे पांढरे घुमट मोजले. "सात. तू सांगितले तेवढेच."

"आणि रंगमहाल?"

"ब्युटिफुल. पण आजी, पाणी नाहीये. ड्राय. मी गार्डला विचारलं. तो म्हणाला, मला वीस वर्षं झाली इथे, मी कधी पाहिलं नाही. त्याच्या आधीच्या माणसानेही नाही."

"असेल. चालू असेल तेव्हा."

"तो हसला, आजी. म्हणाला, मुघलांच्या टाइमला." मग म्हणाली, "आजी, डिड यू ॲक्चुअली सी इट? तू बसली होतीस का तिथे?"

"आजोबांची पॅन्ट मी पिळली आहे," मी म्हटलं. आवाज चढला असावा, कारण केयाचा एकदम खाली आला. मग म्हणाली, "ओके, आजी. ओके." त्या ओकेने जास्त लागलं.

१८ फेब्रुवारी

आज फोन वाजला, घेतला नाही. बारा भांडी घासायची होती, ती डिशवॉशरला न लावता हाताने घासली.

पाणी नव्हतं. मग पाय कुठे ओले झाले?

झाड खरं, शेळ्या खऱ्या, सात घुमट खरे. पाणी खोटं, छत खोटं. ज्याची मी गंमत केली ते खरं आणि जे जिवापाड जपलं ते खोटं. सगळंच खोटं असतं तर राग तरी धरता आला असता. ह्यांनी मला का सांगितलं असेल?

१९ फेब्रुवारी

राजेशने मला डोळे तपासायला वुस्टरला नेलं. गाडीत बोलणं सोपं जातं, तोंडाकडे बघावं लागत नाही. सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "राजू, मी दिल्ली पाहिलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही पाहिली. अंगणातून बाहेर पडले ती भाजी आणायला. बाकी तुझ्या बाबांनी सांगितलेलं."

हिरवा लागला. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा राजेशने गाडी हलवली.

"बाबांनी सांगितलेलं?" तो म्हणाला. "पण आई, बाबा तर आत यायचेच नाहीत."

तो सातवीत असताना एकदा सहलीला आला होता. एकदाच.

"गाइड आम्हाला आत न्यायचा. बाबा गेटपाशी. मोजून आत सोडायचे, मोजून बाहेर घ्यायचे. मधल्या वेळात क्लीनरबरोबर बस धुवायचे. बादली घेऊन, पॅन्ट वर न करता. मला लाज वाटायची, माझे बाबा मालक असून काचा पुसतात."

"मग मला सांगायचे ते?"

"ते आमचं असेल. म्हणजे बसमधल्यांचं. आम्ही परत आलो की बस सुरू व्हायच्या आधी बाबा माइक घेऊन उभे राहायचे. एकेकाकडे माइक. काय पाहिलं? एकच गोष्ट सांगायची, पण नीट सांगायची. कुणी नुसतं 'छान होतं' म्हटलं तर सोडायचे नाहीत. छान म्हणजे कसं? रंग कुठला? हात लावला तर गार की गरम? लोक वैतागायचे, मग त्यांनाही मजा यायची. पुढच्या ठिकाणी जास्त नीट बघायचे, कारण परत आल्यावर सांगायचंय. आणि बाबा लिहून घ्यायचे, वहीत. मला वाटायचं फीडबॅक घेतायत. बिझनेस माणूस."

डॉक्टरांकडे पोचलो. डोळ्यांत औषध घातलं, सगळं धूसर झालं, ते बरंच झालं. निघताना राजेश म्हणाला, "मी काय सांगितलं होतं माहितीये? कुतुबमिनारवर पोपट राहतात, दगडांच्या भोकांत. बाबा म्हणाले, शाबास, हे आज कामाला येईल."

पोपट. पुरण वाटत होते तेव्हा ऐकले होते मी ते पोपट.

२० फेब्रुवारी

औषधाचा असर गेला. सगळे कामावर गेल्यावर वही सरळ केली आणि पुढून उघडली.

ह्यांचं अक्षर आहे तसंच आहे. मला वाटलं होतं तेवढं अवघड गेलं नाही. पहिलं पान पुरतं वाचायला मात्र वेळ लागला.

शेवटची सहल, मे महिना, दिल्ली, दिवस दुसरा. पट्टीने आखलेले रकाने. अनुक्रमांक, नाव, सीट, काय पाहिलं.

३. सौ. पाटणकर. जाळीतून ऊन येतं, रांगोळी काढल्यासारखं. पुसायला वाकल्या.

९. देशमुख, सैदापूर. छत निळं.

१०. सौ. देशमुख. छत लाल. (दोघांत वाद. मागे लाल सांगितलं, या वर्षी निळं.)

१७. कारंजे सर. रंगमहालात पाणी वाहत होतं, पाय बुडवले. (थाप. पण आज उकाडा फार आहे, ही सांगावी.)

ते वाचून मी वही मिटली, उठून पाणी प्यायले आणि परत बसले.

चाळीस माणसं. काही मला आठवतात, काही जेवणातल्या आवडीनिवडीवरून आठवतात. पाटणकर बाईंना लसूण चालत नसे. हे सगळे माझ्यासाठी बघून येत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. मी कोणाच्या दोन डोळ्यांनी दिल्ली पाहिली नाही, चाळीस माणसांच्या ऐंशी डोळ्यांनी पाहिली. एका माणसाला इतकं दिसलं नसतं. हे सगळं गोळा करायचं, त्यातलं निवडायचं, बसमधून उतरून अंगणापर्यंत येताना जुळवायचं आणि मग डब्यावर बसून असं सांगायचं की कणीक मळणाऱ्या बाईला घुमट दिसावा. रोज. दिवसभर चाळीस जणांच्या तक्रारी ऐकून झाल्यावर. माझ्याच्याने झालं नसतं.

चाळीसच्या खाली आम्ही तिघं. मोजणीत कोणी सुटू नये म्हणून हे आमचीही नावं घालायचे, ते मला ठाऊक होतं. पुढचा रकाना ठाऊक नव्हता.

४१. शिव. हात भाजला. बाजारात पैलवान पाहिला.

४२. सरला. दहीवालीचं वासरू अंगणात आलं. हातातलं मीठ चाटलं. जीभ खरखरीत.

४३. श्रीराम. नंतर.

वासरू मी विसरले होते. पांढरं, कपाळावर तपकिरी. ह्यांना सांगितलं असेल, हे ओले पाय घेऊन आले तेव्हा. मागची पुढची पानं चाळली. दिवस पहिला: सरला, शेजारच्या गच्चीवरच्या म्हाताऱ्याने दोन पतंग कापले. दिवस तिसरा: सरला, हॉटेलवाल्याची मुलगी सायकल शिकली, नळाला धडकली. दिवस चौथा: सरला, लिंबोळ्या पडायला लागल्या. मला वाटत होतं मी काहीच पाहिलं नाही.

आणि ह्यांच्या नावापुढे चारही दिवस तेच. नंतर. नंतर. नंतर. नंतर. ह्यांना ती सवयच होती. दात काढायचा तो नंतर, मोतीबिंदू नंतर. पण इथे तर दरवाज्यात उभे होते, गुडघे चांगले होते, आत जायला काय अडचण होती ते कळत नाही. एकोणीस वेळा दरवाज्यातून परत फिरायचं म्हणजे काय. मी असते तर हाताला धरून आत नेलं असतं.

त्या पुसलेल्या चपला सारख्या डोळ्यांपुढे येताहेत, आणि कानात माझंच ते, तुमचं बघून झालं की माझं झालंच. स्वयंपाकात दोनदा मीठ घातलं गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सहालाच केयाचा फोन. मी लगेच घेतला.

"आजी, तू रागावलीस का?"

"नाही गं." मग तिला सगळं सांगितलं. अंगण, माइक, कारंजे सर, वही. ती मध्ये एकदाही इंग्रजीत बोलली नाही. शेवटी म्हणाली, "म्हणजे आजोबांनी पण नाही पाहिलं?"

"नाही."

"अँड यू वेअर बोथ देअर. नाइन्टीन टाइम्स."

"जेवण कसं होतं लग्नात?" मी विचारलं.

ती हसली. रीमाच्या खरेदीत बुधवार गेला होता, त्यामुळे हुमायूनची कबर राहून गेली होती. आज परत निघायच्या आधी ती तिथे पोचली होती. "मी गेटवरच आहे. व्हिडिओ ऑन करते, आत जाऊ या. मी हळूहळू चालते, तू सांग कुठे थांबायचं."

फोनवर दरवाजा दिसला. मोठी कमान, कमानीच्या आत दुसरं आकाश असावं तसा उजेड, आणि पार लांब, पाटाच्या शेवटी, तो घुमट. लाल दगड, पांढऱ्या रेघा. जांभळात डाळिंब मिसळलेला रंग कोणाच्या तोंडून आला असेल कोण जाणे, पण ज्याने सांगितला त्याने नीट पाहिला होता. तिकडची तिरपी उन्हं भिंतीवर होती. एका बाईने हे उभं केलं.

लोक आत जात होते. कमानीच्या बाहेर, डाव्या हाताला, भिंतीला टेकून एक माणूस उभा होता, हातात कागद, आत जाणाऱ्यांना बोटाने मोजत होता. केयाने फोन पुढे नेला तसा तो मागे गेला.

"थांब," मी म्हटलं. "आत नको."

"व्हाय? तुला दिसत नाहीये का?"

"दिसतंय. तू जा, बघ सगळं, आणि परत आल्यावर एक गोष्ट सांग. नीट सांग. पण मला दाखवू नकोस. मी नोव्हेंबरमध्ये बघेन."

राजेश कॉफीचा कप घेऊन जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभा होता. किती वेळ उभा होता माहीत नाही.

"गुडघे?" तो म्हणाला.

"घेऊन येईन बरोबर."

"आणि वाट कोण दाखवणार? मला वाटलं एक्स्पर्ट आहेत आमच्याकडे."

"विचारत जाऊ," मी म्हटलं. वरून हिमानीने विचारलं, काय झालं, आणि तो तिला सांगायला दोन दोन पायऱ्या चढत गेला.

दुपारी वही घेतली. मागून मी पुष्कळ पानं लिहीत आले आहे, पुढून ह्यांची. मध्ये अजून कोरी पानं आहेत. त्यातलं एक काढून पट्टीने रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, सीट, काय पाहिलं. पट्टी थोडी हलली, ह्यांची कधी हलत नसे.

१. राजेश. २. हिमानी. ३. केया. ४. सरला.

पाचवं नाव ह्यांचं लिहिलं. मोजणीत सुटायला नको. पुढचा रकाना मोकळा ठेवला, तो परत आल्यावर भरेन.